पेशींचा सातबारा पाहिल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नका

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातील विद्यापीठांचे जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र विभागप्रमुख, पीएच.डी. मार्गदर्शक आणि संशोधन मान्यता समित्यांचे सदस्य यांस

विषय : कर्कपेशींवर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधासोबत एसटीआर अहवाल (पेशींची डीएनएवरून ओळख) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत मिसळणारे सूक्ष्म जिवाणू) चाचणी सक्तीची करण्याबाबत

सस्नेह नमस्कार,

‘तोंडाच्या कर्करोगाच्या केबी पेशींवर अमुक वनस्पतीच्या अर्काचा परिणाम’ अशा धाटणीचे शीर्षक पुढच्या बैठकीत आपल्यासमोर आले, तर कृपया तिथेच थांबा. केबी ही तोंडाच्या कर्करोगाची सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवला जाणारा पेशींचा वंश) नाही. ती हेला आहे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. १९५५ साली हॅरी ईगल यांनी केबीची माहिती प्रसिद्ध केली तेव्हा ती तोंडातल्या गाठीतून आल्याचे लिहिले होते. पेशी वाढवण्याच्या फ्लास्कमध्ये मात्र हेला शिरलेली होती आणि तिने मूळ पेशी कधीच संपवल्या होत्या. अमेरिकेतल्या एटीसीसी या पेशीसंग्रहाच्या सूचीत केबीसमोर ‘हेलापासून आलेली’ अशी स्पष्ट नोंद आहे. तरीही आपल्याकडच्या प्रबंधांत ती ‘मुखकर्करोगाची प्रातिनिधिक लाइन’ म्हणून आजही सापडते.

ज्या राज्यात तंबाखू आणि गुटख्यामुळे होणारा गालाचा आणि हिरडीचा कर्करोग घरोघरी माहीत आहे, तिथे ही चूक नुसत्या लेबलाची राहत नाही. हेला पेशीत मानवी पॅपिलोमा विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार गुणसूत्रात रुतून बसलेला आहे. त्या विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीच्या पी-५३ या राखणदार प्रथिनाचा निकाल लावते आणि ई-७ हे प्रथिन आरबी या दुसऱ्या राखणदाराला निकामी करते. हेलामध्ये पी-५३ चे जनुक धडधाकट असते, फक्त त्याचे प्रथिन तयार होताच नष्ट केले जाते. तंबाखूतून झालेल्या गालाच्या कर्करोगात बहुधा उलट चित्र असते : तिथे पी-५३ चे जनुकच उत्परिवर्तनाने बिघडलेले असते. आता विचार करा. एखादे संयुग ई-६ ला अडवत असेल, तर केबीमध्ये पी-५३ पुन्हा वर येईल, पेशी मरतील आणि विद्यार्थी लिहील की हे औषध मुखकर्करोगात पी-५३ जागे करते. गालाच्या गाठीत जागे करायला ते शाबूत प्रथिनच नसते. चार वर्षांचा प्रबंध आणि त्यातून निघालेले तीन पेपर एका वेगळ्याच अवयवाच्या, वेगळ्याच कारणाने झालेल्या रोगाबद्दल बोलत राहतात.

केबी एकटी नाही. चँग लिव्हर ‘निरोगी यकृतपेशी’ म्हणून वापरली जाते, तीही हेला. हेप-२ स्वरयंत्राच्या कर्करोगाची म्हणून नोंदली गेली, तीही हेला. इंटेस्टाइन-४०७ आतड्याची म्हणून, एल-१३२ गर्भाच्या फुप्फुसाची म्हणून, विश गर्भवेष्टनाची म्हणून, एल-०२ यकृताची म्हणून. या सगळ्या हेलाच. हेलाबाहेरचीही उदाहरणे आहेत. ईसीव्ही-३०४ रक्तवाहिनीच्या अस्तराची समजली जाई, ती टी-२४ ही मूत्राशयाच्या कर्करोगाची लाइन निघाली. एमडीए-एमबी-४३५ स्तनाच्या कर्करोगाची म्हणून जगभर वापरली गेली, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या ६० लाइन्सच्या संचातही ती स्तनाच्या गटात होती. २००० साली जनुकांच्या अभिव्यक्तीचा नकाशा पाहताना ती त्वचेच्या मेलॅनोमासारखी दिसू लागली आणि पुढे ती एम-१४ ही मेलॅनोमाचीच लाइन असल्याचे पक्के झाले. चुकीच्या ओळखीच्या लाइन्सची आंतरराष्ट्रीय यादी आयक्लॅक ही समिती ठेवते. त्या यादीत ५०० हून अधिक नावे आहेत आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी अशा लाइन्सवर आधारलेले शोधनिबंध मोजले, तेव्हा आकडा ३२,७५५ निघाला.

चँग लिव्हरबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण वनौषधींवरच्या कामात तिचे नुकसान सर्वांत मोठे आहे. पद्धत आपल्या ओळखीची आहे : अर्काचा आयसी-५०, म्हणजे निम्म्या पेशींची वाढ रोखणारी मात्रा, हेप-जी-२ या यकृताच्या गाठीच्या लाइनवर काढायचा, मग ‘निरोगी’ चँग लिव्हरवर काढायचा, दुसऱ्याला पहिल्याने भागायचे आणि ‘निवडकता गुणांक’ लिहायचा. गुणांक ३ च्या वर गेला की ‘अर्क फक्त कर्कपेशींना मारतो, निरोगी पेशींना धक्का लावत नाही’ असे वाक्य येते. प्रत्यक्षात इथे एका कर्करोगाची तुलना दुसऱ्या कर्करोगाशी झालेली असते. त्यातून सुरक्षिततेबद्दल काडीइतकेही कळत नाही आणि तेच वाक्य पुढे वर्तमानपत्रात ‘दुष्परिणामरहित’ होऊन छापले जाते. ते वाचून उपचार अर्धवट सोडणारा रुग्ण कुठल्याही निवडकता गुणांकात मोजला जात नाही. (हेप-जी-२ बद्दलही एक नोंद : ती प्रौढांच्या यकृत-कर्करोगाची नसून लहान मुलांत होणाऱ्या हेपॅटोब्लास्टोमाची आहे, असे मूळ गाठीच्या फेरतपासणीतून २००९ मध्ये दाखवले गेले. ती वापरायला हरकत नाही, पण प्रबंधात तसे लिहायला हवे.)

ही भेसळ होते कशी, हे नीट समजून घेतले तर तिला आळा घालणे फार अवघड नाही. हेला पेशी साधारण २४ तासांत दुप्पट होतात. गाठीतून नव्याने काढलेल्या अनेक लाइन्सना त्यासाठी ४८ तास किंवा जास्त लागतात. समजा, हेलाच्या ट्यूबमध्ये दर मिलिलिटरला ५ लाख पेशी आहेत आणि पिपेटच्या टोकाला राहिलेला ५० मायक्रोलिटरचा एकच थेंब दुसऱ्या लाइनच्या मीडियमच्या (पेशींना पोसणाऱ्या द्रवाच्या) बाटलीमार्फत फ्लास्कमध्ये गेला. त्या थेंबात २५ हजार पेशी असतात. फ्लास्कमध्ये संथ वाढणाऱ्या १० लाख पेशी असतील, तर प्रमाण पडले ४० ला १. दर ४८ तासांनी हेलाचा वाटा दुसरीच्या तुलनेत दुप्पट होतो. अकरा दिवसांत निम्मा फ्लास्क हेलाचा होतो. आणखी वीस दिवसांत हजारामागे जेमतेम एखादी मूळ पेशी उरते. म्हणजे एका महिन्यात, सात-आठ पासेजमध्ये (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटून देण्याच्या फेऱ्यांत), लेबल तेच आणि आतला माणूस दुसरा. या काळात फ्लास्क छान भरतो, पेशी ‘आता सेट झाल्या’ असे वाटते आणि विद्यार्थ्याचे कौतुकही होते. संथ वाढणारी लाइन अचानक जोमाने वाढू लागली, तर आनंद मानण्याआधी संशय घ्यावा.

हेलाने हे जग कसे व्यापले, याची मुळे १९५१ च्या बाल्टिमोरमध्ये आहेत. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी घेतला गेला. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत मेरी कुबिचेक यांनी तो वाढवला आणि शरीराबाहेर अखंड वाढत राहणारी माणसाची ती पहिली सेल लाइन ठरली. पेशी संशोधनासाठी ठेवून घेत आहोत, हे हेन्रिएटांना कुणी सांगितले नाही, विचारले तर नाहीच. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला त्या वारल्या. पोलिओच्या लशीच्या चाचण्या, विषाणू आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांतले नाते, कर्कपेशीच्या गुणसूत्रांची टोके झिजू न देणारे टेलोमरेज हे विकर : या सगळ्या कामात त्यांच्या पेशी आहेत. साध्या मानवी पेशी ४० ते ६० वेळा विभागून थांबतात. हेला थांबत नाही, कारण टेलोमरेज चालू आहे आणि राखणदार प्रथिने निकामी आहेत. ज्या गुणामुळे ती संशोधनाला एवढी उपयोगी पडली, त्याच गुणामुळे ती शेजारच्या फ्लास्कमध्ये टिकते.

१९६६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बेडफर्ड इथे भरलेल्या परिषदेत स्टॅन्ली गार्टलर यांनी सांगितले की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून चालणाऱ्या १८ लाइन्समध्ये जी-६-पीडी या विकराचा एकच ‘ए’ प्रकार सापडतो. हा प्रकार बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या लोकांत दिसतो आणि यातल्या कित्येक लाइन्सचे दाते गोरे म्हणून नोंदलेले होते. सभागृहाला ते रुचले नाही. सत्तरच्या दशकात वॉल्टर नेल्सन-रीस यांनी नावानिशी याद्या छापल्या, त्यांनाही रोष पत्करावा लागला. तेव्हा निदान एवढी सबब होती की खात्री करण्याचे साधन महागडे आणि किचकट होते. आज ती सबब उरलेली नाही.

आज साधन आहे एसटीआर प्रोफाइल. आपण सातबारा पाहिल्याशिवाय जमिनीचा व्यवहार करत नाही. पेशीचा सातबारा म्हणजे हा अहवाल. माणसाच्या डीएनएमध्ये काही ठिकाणी तीन-चार अक्षरांचे छोटे तुकडे पुन्हापुन्हा येतात आणि किती वेळा येतात हे माणसागणिक बदलते. गुन्हे तपासात वापरतात तीच ही पद्धत. २०११ च्या मानकात अशा ८ जागा आणि लिंग ओळखणारी अमेलोजेनिन ही जागा किमान मानली होती. सुधारित मानकात १३ जागा आहेत. हेलाचे आकडे (कुठल्या जागेवर तुकडा किती वेळा येतो ते) पाठ करून ठेवण्यासारखे आहेत : टीएच०१ वर फक्त ७, डी५एस८१८ वर ११, १२, डी१३एस३१७ वर १२, १३.३, डी७एस८२० वर ८, १२, डी१६एस५३९ वर ९, १०, सीएसएफ१पीओ वर ९, १०, व्हीडब्ल्यूए वर १६, १८, टीपॉक्स वर ८, १२, अमेलोजेनिन वर फक्त एक्स. त्यातला १३.३ हा आकडा विरळा आहे. कुठल्याही ‘तोंडाच्या’ किंवा ‘यकृताच्या’ लाइनच्या अहवालात टीएच०१ वर एकटा ७ आणि डी१३ वर १३.३ दिसला, की पुढचे वाचायच्या आधीच हेलाशी ताडून पाहावे.

जुळणी काढणे सोपे आहे. हेलाच्या संदर्भात, अमेलोजेनिन सोडून, ८ जागांवर मिळून १५ आकडे आहेत. नमुन्यात त्यातले १३ सापडले तर १५ पैकी १३, म्हणजे ८७ टक्के. ८० टक्के किंवा त्याहून जास्त जुळणी असली की दोन्ही लाइन्स एकाच माणसाच्या मानतात. साधारण ५५ च्या खाली असली की वेगळ्या. मधल्या पट्ट्यात जास्त जागा तपासाव्या लागतात. कर्कपेशींत गुणसूत्रे गळतात, त्यामुळे एखादा आकडा नाहीसा झाला म्हणून लाइन खोटी ठरत नाही. एचसीटी-११६ आणि जर्काट यांसारख्या, डीएनएची दुरुस्ती नीट न होणाऱ्या लाइन्समध्ये आकडे एकेक घर सरकलेलेही दिसतात. अहवाल कशाशी ताडायचा यासाठी जिनिव्हातून चालणारा सेलोसॉरस हा कोश आहे. त्यातल्या क्लॅस्टर या साधनात आकडे भरले की जवळच्या लाइन्स टक्केवारीसह समोर येतात. त्याच कोशात प्रत्येक लाइनला कायमचा क्रमांक दिलेला आहे. प्रबंधात तो क्रमांक लिहिला तर ‘केबी म्हणजे नक्की कुठली केबी’ हा प्रश्नच उरत नाही.

एसटीआरच्या मर्यादाही समितीला माहीत असाव्यात. एकाच रुग्णाच्या दोन लाइन्स त्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत. एसडब्ल्यू-४८० ही मोठ्या आतड्यातल्या मूळ गाठीतली आणि एसडब्ल्यू-६२० ही त्याच माणसाच्या लसिकाग्रंथीतली, दोघींचा अहवाल जवळपास सारखा येतो. शेकडा पाच-दहाच्या खालची भेसळ त्यात सहसा दिसत नाही. आणि फ्लास्कमध्ये उंदराच्या किंवा हॅमस्टरच्या पेशी शिरल्या असतील, तर मानवी डीएनए शोधणारे प्रायमर त्यांच्यावर गप्प बसतात. त्यासाठी प्राण्याची जात ओळखणारी, सायटोक्रोम ऑक्सिडेज-१ या जनुकावरची पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहणारी चाचणी) वेगळी करावी लागते. व्हेरो, सीएचओ, एल-९२९, बी-१६ या प्राण्यांच्या लाइन्सवर काम करणाऱ्यांनी तीच मागावी.

खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे येतो. एका लाइनच्या एसटीआर तपासणीला काही हजार रुपये लागतात. मीडियममध्ये घालायच्या, आयात केलेल्या चांगल्या सीरमच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला त्याहून जास्त पडतात आणि ती बाटली विभाग दर काही महिन्यांनी मागवतोच. तपासणीसाठी १० ते २० लाख पेशींचा गोळा किंवा त्यांचा कागदावर वाळवलेला ठिपका पाठवला तरी पुरतो.

आता मायकोप्लाझ्मा. ही भेसळ हेलाहूनही जास्त सर्रास आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. या जिवाणूंना पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलीन त्यांच्यावर चालत नाही. आकाराने इतके लहान आणि लवचीक की ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतात. एका मिलिलिटरमध्ये १० कोटींपर्यंत पोहोचले तरी मीडियम गढूळ होत नाही. निरनिराळ्या सर्वेक्षणांत १५ ते ३५ टक्के कल्चर्समध्ये ते सापडले आहेत. मायकोप्लाझ्मा ओराले माणसाच्या तोंडातून येतो, म्हणजे हूडसमोर (पेशी हाताळण्याच्या निर्जंतुक कपाटासमोर) बोलणाऱ्याकडून. आर्जिनिनी आणि अकोलेप्लाझ्मा लेडलॉई गाईच्या सीरममधून. हायोर्हायनिस डुकरापासून काढलेल्या ट्रिप्सिनमधून (पेशी फ्लास्कपासून सोडवणाऱ्या विकरातून). आणि एका फ्लास्कमध्ये आले की त्याच इन्क्युबेटरमधल्या, त्याच हूडमध्ये उघडल्या जाणाऱ्या बाकी फ्लास्कमध्ये जायला वेळ लागत नाही.

त्यांचा परिणाम नेमका आपल्या आवडत्या चाचणीवर होतो. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळे स्फटिक करतात आणि ५७० नॅनोमीटरवर त्याचा रंग मोजतात. मायकोप्लाझ्माही एमटीटीचे जांभळे करतो. कर्कपेशी मेल्या तरी रंग उरतो आणि औषध निष्प्रभ वाटते. उलट, काही प्रजाती मीडियममधले आर्जिनिन खाऊन टाकतात, पेशी उपासमारीने मंदावतात आणि श्रेय अर्काला मिळते. हायोर्हायनिस तर जेमसिटाबिनसारखे खरे औषधच मोडून टाकतो, त्यामुळे ‘प्रतिरोधक’ पेशी सापडल्याचा भास होतो.

तपासणीची रीत अशी : कल्चर किमान एक आठवडा, शक्यतो दोन, अँटिबायोटिकशिवाय वाढवावे. फ्लास्क जवळजवळ भरल्यावर दोन-तीन दिवस मीडियम न बदलता ठेवावा. वरचे १०० मायक्रोलिटर द्रव घेऊन ९५ अंशांवर पाच-दहा मिनिटे तापवावे आणि १६एस आरआरएनए जनुकावरची पीसीआर करावी. सोबत ज्ञात दूषित नमुना, कोरा मीडियम आणि अंतर्गत नियंत्रण हवेच. सीरममधल्या घटकांनी पीसीआर अडली तर कोरी पट्टी ‘स्वच्छ’ म्हणून वाचली जाते आणि हीच चूक सर्वांत जास्त होते. दुसरी, स्वतंत्र खात्री म्हणजे होएख्स्ट किंवा डीएपीआय रंग. स्वच्छ पेशीत फक्त केंद्रक निळे चमकते, भोवती काळोख. दूषित पेशीत केंद्रकाभोवती आणि पेशीच्या पातळ कडांवर बारीक निळी कणी सांडलेली दिसते. एकदा ते चित्र पाहिले की विसरत नाही. फ्लास्क दूषित निघाला तर तो ऑटोक्लेव्ह करून टाकून द्यावा. लाइन दुर्मीळ असेल तरच विशेष अँटिबायोटिकने दोन आठवडे उपचार करावा, नंतर औषधाविना दोन आठवडे वाढवून पुन्हा तपासावे, आणि तोवर ती वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवावी. मीडियममध्ये कायम पेनिसिलीन-स्ट्रेप्टोमायसिन घालण्याची सवय मोडायला हवी. त्याने साधे जिवाणू दबतात, हाताची ढिलाई झाकली जाते आणि मायकोप्लाझ्मा तिथेच राहतो.

एमटीटीचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट. वनस्पतींच्या अर्कात पॉलिफेनॉल असतात, ते पेशी नसतानाही एमटीटीला जांभळे करतात. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी पेशीविरहित वेल (प्लेटमधला खळगा) हवी : अर्क, मीडियम आणि एमटीटी, बाकी काही नाही. शिवाय एमटीटी घालण्याआधी अर्काचे मीडियम काढून पेशी एकदा धुतल्या तर बराच गोंधळ वाचतो. ९६ वेलच्या प्लेटमधल्या कडेच्या ३६ वेल बाष्पीभवनाने सुकतात. तिथे नुसते बफर भरून आतल्या ६० वेल वापराव्यात. अर्क विरघळवणारे डीएमएसओ अखेरीस ०.५ टक्क्याच्या आत, शक्य तर ०.१ टक्का, आणि तेवढाच डीएमएसओ नियंत्रण वेलमध्येही. कच्च्या अर्काचा आयसी-५० मिलिलिटरला २०–३० मायक्रोग्रॅमच्या आत आला तरच तो पुढे नेण्याजोगा, असा संकेत रूढ आहे. ३०० किंवा ५०० मायक्रोग्रॅमला पेशी मेल्या, तर त्यात विशेष काही नाही, एवढ्या मात्रेत बरेच पदार्थ पेशी मारू शकतात.

लाइन खरी आणि स्वच्छ असली तरी ती एकसारखी राहत नाही. २०१८ मध्ये एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या लाइनचे वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले २७ वाण शेजारी ठेवून ३२१ संयुगांवर तपासले गेले. जी संयुगे काही वाणांना जोरदार रोखत होती, त्यांतल्या किमान तीन-चतुर्थांश संयुगांचा दुसऱ्या काही वाणांवर परिणामच झाला नाही. नाव एकच, ओळख खरी, तरी वागणूक निराळी. म्हणूनच ‘शेजारच्या लॅबमधून एक फ्लास्क आणला’ हा प्रकार थांबवावा लागेल. पुण्यात गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे आणि देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवणारा संग्रह तिथे आहे. मार्गदर्शकाने तिथून किंवा तशाच अधिकृत संग्रहातून व्हायल (गोठवलेल्या पेशींची कुपी) घ्यावी, पावती आणि बॅच क्रमांक जपावा. आल्यावर वेगळी ठेवून वाढवावी, मायकोप्लाझ्मा तपासावा, दुसऱ्या-तिसऱ्या पासेजला १० व्हायल गोठवाव्यात. ती मूळ पेढी. त्यातली एक उघडून २० व्हायलची कामाची पेढी करावी आणि विद्यार्थ्याला त्यातूनच द्यावी. १० ते १५ पासेज किंवा तीन महिने झाले की फ्लास्क फेकून नवी व्हायल उघडावी. गोठवताना दर मिलिलिटरला १० ते २० लाख पेशी, १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला एक अंशाने उणे ८० पर्यंत, मग द्रव नायट्रोजन. उणे ८० च्या फ्रीजरमध्ये वर्षभर पडलेल्या व्हायलवर कुणी प्रबंध उभा करू नये.

हूडमधली शिस्त दोनच ओळींत येते : एका वेळी एकच लाइन, प्रत्येक लाइनची मीडियम आणि ट्रिप्सिनची स्वतंत्र बाटली, मधे हूड पुसून दहा-पंधरा मिनिटे मोकळा, आणि हेला नेहमी दिवसाच्या शेवटी. मार्करची शाई ७० टक्के अल्कोहोलने पुसली जाते, म्हणून लेबल छापील असावे आणि झाकणावर नको, फ्लास्कच्या अंगावर असावे. झाकणे बदलतात.

या नियमांना अपवाद नाहीत असे आम्ही म्हणत नाही. हेप-२ हीच लाइन पॅथॉलॉजी लॅबमध्ये एएनए (पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे) तपासणीसाठी रोज वापरली जाते आणि ते अगदी योग्य आहे. तिथे मोठ्या, ठळक केंद्रकाची मानवी पेशी हवी असते, ती स्वरयंत्राची आहे असा दावा कुणी करत नाही. केबी पेशींवर फोलेट या जीवनसत्त्वाला पकडणारे ग्राहक भरपूर असतात, त्यासाठी कुणी त्या वापरल्या आणि ‘हेलाचा उपप्रकार’ असे स्वच्छ लिहिले, तर आक्षेप नाही. आक्षेप खोट्या पत्त्याला आहे. मुखकर्करोगच अभ्यासायचा असेल तर टाटा मेमोरियलमध्ये भारतीय रुग्णांच्या गाठींतून वाढवलेल्या एडब्ल्यू-१३५१६ आणि एडब्ल्यू-८५०७ या लाइन्स आहेत, कॅल-२७ आणि एससीसी-२५ आहेत. निरोगी नियंत्रण म्हणून चँगऐवजी टीएचएलई-२ किंवा थेट मानवी यकृतपेशी घ्याव्यात. त्या वाढवायला कटकटीच्या आहेत, हे खरे.

आपल्याकडे या कामाची परंपरा उसनी नाही. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी बाल्टिमोरला त्याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन शिकून घेतले आणि मुंबईत परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. एवढ्या जवळून आलेली विद्या फोटोकॉपीच्या फोटोकॉपीसारखी पुसट होत जाऊ नये.

आमच्या मागण्या अशा आहेत. वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल जोडल्याशिवाय आज एकही प्रबंध स्वीकारला जात नाही. तसेच, सेल लाइन वापरलेल्या प्रत्येक प्रबंधाला तीन कागद जोडलेले असावेत : पेशी कुठून, कधी, कुठल्या पासेजला आणल्या याची पावती; काम सुरू होताना आणि संपताना केलेले दोन एसटीआर अहवाल; आणि दर तीन महिन्यांचे मायकोप्लाझ्मा निकाल. विषय मंजूर करतानाच समितीने लाइनचे नाव आयक्लॅकच्या यादीत आणि सेलोसॉरसमध्ये पाहावे. याला पाच मिनिटे लागतात आणि विद्यार्थ्याची चार वर्षे वाचतात. सहामाही प्रगती अहवालात यासाठी एक रकाना असावा. खर्च विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीतून न घेता विभागाच्या निधीतून व्हावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था २०१६ पासून अनुदानाच्या अर्जातच अशी खातरजमा मागतात आणि काही नियतकालिके एसटीआरशिवाय शोधनिबंध घेत नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांना पुढे तिथेच उभे राहायचे आहे.

आणि आत्ता मधल्या टप्प्यावर असलेल्या विद्यार्थ्यांबद्दल विशेष विनंती. नियम लागू झाला की काहींचे अहवाल उलटे येतील. तीन वर्षे झालेली असतील, लाइन मार्गदर्शकाने किंवा आधीच्या विद्यार्थ्याने दिलेली असेल आणि ती हेला निघेल. त्या मुलाला किंवा मुलीला गुन्हेगार ठरवू नका, अहवाल दडवायला सांगू नका. शीर्षक बदलण्याची मुभा द्या, सहा महिन्यांची मुदतवाढ द्या, फ्रीजरमधून योग्य लाइन काढून कळीचे दोन-तीन प्रयोग पुन्हा करू द्या आणि जुने निकाल ‘हेला पेशींवरील’ या खऱ्या नावाने त्याच प्रबंधात राहू द्या. प्रसिद्ध झालेला पेपर असेल तर दुरुस्तीपत्रावर पहिली सही मार्गदर्शकाची असू द्या.

कळावे,

आपले,
माणसाच्या आणि प्राण्यांच्या पेशी रोज वाढवणारे काही संशोधक आणि तंत्रज्ञ